खंडेनवमीचं फिनेल

आमच्या कारखान्यात कापड रंगवतात. कापड रंगून बाहेर जातं आणि मागं उरतं ते पाणी. सोमवारी ते जांभळं असतं, मंगळवारी शेंदरी, आणि दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की एका दिवसात चार वेळा रंग बदलतं. त्यात रंगाचा उरलासुरला अंश असतो, कापडाची खळ असते, साबण असतो, तेल असतं. हे सगळं काढून ते पाणी ओढ्यात सोडण्याच्या लायकीचं करायचं, हे माझं काम. हुद्दा केमिस्टचा आहे. कारखान्यात मात्र मला ‘गटाराच्या मॅडम’ म्हणतात, तेही तोंडावर, आणि मी चिडले की त्यांना नवल वाटतं.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वर्षी माझा घात केला तो माझ्या हौसेनं.

ओढा आमच्या मागच्या कुंपणाला लागून वाहतो. चालत वीस मिनिटांवर खाली एक वस्ती आहे, पंचवीसएक घरांची. वस्तीची विहीर ओढ्याच्या इतकी काठाला आहे की ओढा चढला की विहीर चढते. नळाचं पाणी तिथं धड येत नाही, म्हणून प्यायला विहीरच. नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात चाचांनी मला तिथं चालवत नेलं होतं. चाचा म्हणजे आमच्या ईटीपीचे, म्हणजे पाणी साफ करायच्या प्लॅन्टचे, जुने ऑपरेटर. मूळचे नेसरीकडचे, साठीला टेकलेले. शाळा सातवीपर्यंत आणि बाकीची अक्कल टाकीच्या कठड्यावर उभं राहून मिळवलेली. विहिरीत डोकावून ते म्हणाले, “आपण सोडलेलं पाणी हितं मुरतंय, मॅडम. रजिस्टरात आकडा लिवताना ही हीर डोळ्याम्होरं आणायची. कागद काय, कायबी लिवून घेतोय.”

मला तेव्हा ते जरा लागलंच. मी एम. एस्सी. झालेली, आणि हे मला शिकवणार. पण त्यानंतर चार वर्षं रोज आकडा लिहिताना विहीर दिसायचीच, ही त्यांची करणी.

चाचांचा जीव हवेच्या टाकीत होता. बॅडमिंटनच्या मैदानाएवढी काँक्रीटची टाकी, तळातून ब्लोअर सतत हवा सोडतो आणि आतलं तपकिरी पाणी रात्रंदिवस घुसळत राहतं. तो तपकिरी रंग गाळाचा, आणि गाळ म्हणजे कोट्यवधी जिवाणू. चुना आणि हिराकस घातलं की रंगाचा बराचसा साका तळाशी बसतो, तो काढून टाकता येतो. पण जी घाण पाण्यात पार विरघळून गेलेली असते, ती साक्यात येत नाही. ती या जिवाणूंनी खाऊनच संपवायची. चाचा त्यांना ‘जनावरं’ म्हणत. कारखान्याला दोन दिवस सुट्टी असली आणि टाकीत खाणं कमी आलं, तर गुळाची ढेप फोडून, पाण्यात विरघळवून टाकीत ओतत. टाकी बरी असली की तिला ओल्या मातीचा वास येतो. रोज सकाळी चाचा कठड्यावर उभे राहून आधी वास घेत, मग मीटर बघत. मी आधी मीटर बघायची.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. दोन दिवस आधीपासून कारखाना धुऊन काढतात. प्रत्येक मशिनला हळदकुंकू, झेंडूची माळ, बाजूला ऊस उभा करतात, आणि मालक सहकुटुंब येऊन ओवाळतात. बॉयलरला माळ, कापड रंगवायच्या जिगरला माळ, फोर्कलिफ्टला माळ, कँटीनच्या मिक्सरलासुद्धा माळ. आमच्या ईटीपीकडं मात्र ताट कधी आलं नव्हतं. रंगखात्याच्या मागच्या दारापर्यंत यायचं आणि फिरायचं. मला याचा फार राग होता. सगळ्यांची घाण निस्तरायची आम्ही, आणि कुंकवाचं बोट लावायला कुणी नाही. त्या वर्षी मी आधीच मालकिणीबाईंना गाठलं आणि म्हटलं, या वेळी आमच्या ब्लोअरलाही माळ पडली पाहिजे. त्या मनानं चांगल्या. म्हणाल्या, “येऊ की. फक्त तो वास तेवढा बघा.”

तेवढ्या एका वाक्यावर मी कामाला लागले. खंडेनवमीला सकाळी सहा वाजता साफसफाईच्या चार बायकांना घेऊन प्लॅन्टवर गेले. स्टोअरमधून काळ्या फिनेलचे पाच-पाच लिटरचे सहा कॅन आणले, ब्लीचिंग पावडर आणली. टाकीचा कठडा, वरचा अरुंद पूल, पाणी आत येण्याची उघडी चर, सगळं घासून घ्या म्हटलं. चाचांची त्या दिवशी दुपारची पाळी होती.

फिनेलनं जंतू मरतात हे शाळकरी पोरालाही कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. मी मनात धरलं होतं की एवढ्या अवाढव्य टाकीत बादलीभर गेलं तर कुणाला पत्ता लागणार. पण मी कॅन त्यांच्या ताब्यात दिले आणि रांगोळी काढायला गेटजवळ गेले. परत आले तर सहाच्या सहा कॅन रिकामे. मी म्हटलं, “अहो, एवढं सगळं?” त्यातली एक म्हणाली, “देवाचं काम हाय मॅडम, हात कशाला आखडायचा?” आणि चरीवर पाण्याचा पाईप धरून तिनं उरलंसुरलं सगळं आत लोटून दिलं. वास खरंच गेला होता. दवाखान्यात शिरल्यासारखं वाटत होतं.

दहाला ताट आलं. ब्लोअरला माळ पडली, नारळ फुटला, मालकिणीबाई म्हणाल्या की अगदी स्वच्छ ठेवलंय हो. मी ब्लोअरचा फोटो काढून आईला पाठवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. कारखाना बंद, पण साठवणीच्या टाकीत आधी जमलेलं पाणी प्लॅन्टमधून जात राहतं, म्हणून ड्युटीवर एकटे चाचा. मी कोल्हापुरात घरी पुऱ्या तळत होते. अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला.

“मॅडम, टाकीचा रंग उतरलाय. फेस पांढरा यायलाय. आणि मातीचा वास येईना झालाय.”

“काल धुतलंय ना सगळं. म्हणून वास गेला असेल.”

“मला चांगलं न्हाय वाटत.”

“मीटर बघा बरं. ऑक्सिजन किती दाखवतोय?”

ते गेले, बघून आले, आकडा सांगितला. रोजच्या दुपटीहून जास्त. माझा जीव भांड्यात पडला. पाण्यात ऑक्सिजन भरपूर आहे म्हणजे टाकी ठणठणीत, असं मी त्यांना सांगितलं.  चाचा म्हणाले, “ओढ्यात पाणी सोडायचा वॉल बंद करू काय?”

“बंद केला तर मागं तुंबेल. आज सणाचं राहू दे. उद्या सकाळी मी बघते.”

“बरं,” ते म्हणाले. मी फोन ठेवला आणि पुरी उलटली. ती जरा करपली होती, एवढंच मला त्या क्षणी वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी आठ वाजता मी प्लॅन्टवर पोचले तेव्हा चाचा काचेचं उभं भांडं हातात घेऊन बसले होते. टाकीतलं लिटरभर पाणी त्या भांड्यात घेऊन अर्धा तास ठेवायचं, गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं, ही आमची रोजची तपासणी. त्या दिवशी काही बसलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत सगळं तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. मी एक थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला. एरवी तिथं घंटेच्या आकाराचे इवलेसे जीव देठावर डोलत असतात. त्यांना बघायला मला आवडायचं, कधी कधी उगाचच बघत बसायची. त्या दिवशी एकही हलत नव्हता.

“मग ऑक्सिजन एवढा कसा दाखवतोय?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

चाचा म्हणाले, “जेवणारं कोण उरलं न्हाय, मॅडम. म्हणून भांड्यात भात शिल्लक दिसतोय.”

शेडच्या मागं ते सहा रिकामे कॅन कुणीतरी नीट ओळीनं रचून ठेवले होते. चाचांनी आधी कॅनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.  मी पळत जाऊन ओढ्याचा वॉल फिरवून बंद केला. पण खंडेनवमीच्या सकाळपासून त्या घटकेपर्यंत, दोन दिवस, आमचं पाणी जवळजवळ साफ न करताच खाली गेलं होतं. विहिरीकडं.

वॉल बंद झाला म्हणजे पाणी यायचं थांबलं असं नाही. मशिनं सकाळी सुरू झाली होती. साठवणीच्या टाकीत जास्तीत जास्त उद्या संध्याकाळपर्यंत जागा होती. त्याच्या आत टाकी जिवंत झाली नाही, तर पाणी एक तर कारखान्यात घुसणार, नाही तर वॉल उघडावा लागणार.

पाहुणे अचानक दारात आल्यावर आपण डबे उघडून बघतो तसं मी एकेक उपाय उघडून बघत होते. चुना आणि हिराकस वाढवलं. रंग खाली बसला, वरचं पाणी दिसायला बरं झालं, पण विरघळलेली घाण जिथल्या तिथं. नारळाच्या करवंटीच्या कोळशाचं फिल्टर शेवटी आहेच. कोळसा घाण आपल्या अंगाला चिकटवून घेतो, पण त्याच्याही अंगाला मर्यादा असते. एवढा मारा झाल्यावर आमचा जुना कोळसा दोन तासांत भरला आणि पाणी आलं तसं पुढं सोडायला लागला. मग हिराकसाबरोबर हायड्रोजन पेरॉक्साईड टाकून पाहिलं. ही जोडी घाण अक्षरशः जाळून काढते. बादलीत प्रयोग झकास झाला, पाणी फसफसलं, रंगही उडाला. पण आमच्याकडं पेरॉक्साईडचे चार कॅन, आणि पुढ्यात तलाव भरावा इतकं पाणी. दुपारपर्यंत माझे हात हिराकसानं तांबडे झाले होते आणि साठवणीची पातळी हातभर वर आली होती. चाचा एवढंच म्हणाले, “जनावरं परत आणल्याबिगर भागायचं न्हाय.”

मालकांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. कसं झालं, असं त्यांनी मला विचारलं, पण माझं तोंड उघडायच्या आधीच ते चाचांकडं वळले. “तुम्ही काय टाकलंत आत?”

चाचा फरशीकडं बघत म्हणाले, “धुताना फिनेल गेलंय.”

कुणी टाकलं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगायला किती वेळ लागतो? एक श्वास. तो श्वास मी घेतला आणि गिळून टाकला.

मालक म्हणाले, “आता तुमचं लक्ष राहत नाही. चार दिवस घरी बसा. नंतर बघू.” चाचांनी मान हलवली, डबा उचलला आणि गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, “गूळ आदल्या राती भिजत घालायचा, ध्यानात ठेवा.”

मी मालकांना म्हटलं की खाली वस्तीला कळवायला हवं. ते म्हणाले, “ओढ्याला अजून पाणी आहे. गेलं ते वाहून गेलं. उगाच बोभाटा नको. आधी टेस्ट करा, रिपोर्ट येऊ दे, मग बघू.” आणि मी ते ऐकलं. आधी टेस्ट करा, हे वाक्य किती शास्त्रशुद्ध वाटतं. मी ते हातात घट्ट धरलं, कारण त्यामुळं मला त्या दिवशी विहिरीवर जावं लागणार नव्हतं. मला भीती वाटत होती, हे आता सरळ सांगते. वास्तविक माणसं तिथं पाणी पीत असतील ही भीती मोठी असायला हवी होती. मला वाटत होती ती त्यांना तोंड दाखवण्याची.

जनावरं परत आणायची म्हणजे दुसरीकडचा जिवंत गाळ आणून आपल्या टाकीत घालायचा, दुधाला विरजण लावतात तसं. आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर एक दूध प्लॅन्ट आहे. त्यांच्या टाकीतला गाळ एकदम धष्टपुष्ट, ताकावर पोसलेला. मी पाण्याचा टँकर ठरवून तिथं पोचले तोवर दिवेलागण झाली होती. तिथला ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचा, कपाळाला गंध, आणि देवाला उदबत्ती लावत उभा. मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सकाळी या.”

मला वाटलं साहेबाची परवानगी पाहिजे असेल. म्हटलं, तुमच्या साहेबांशी माझं फोनवर बोलणं झालंय.

“साहेबाचं न्हवं वो, पावणं. दिवं लागल्यावर विरजण देत न्हाईत. घरात देत न्हाईत, हितं तरी कसं द्यायचं? माझी टाकी बिनसली तर?”

मी आधी हसले. मग तो चेष्टा करत नाही हे कळलं आणि मी चिडले. त्याला जिवाणूंवर भाषण दिलं, ओढ्याचं सांगितलं, वस्तीचं सांगितलं. वस्तीचं ऐकून तो जरा हलला, पण त्याचं म्हणणं एकच, उजाडल्याबरोबर या, पाहिजे तेवढं न्या, मी स्वतः पाईप लावून देतो. मी भांडले, हात जोडले, आणि शेवटी रिकामा टँकर घेऊन परत फिरले. वाटेत मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या. खेडवळ, अडाणी, काय वाट्टेल ते. देवाचं नाव घेऊन टाकी बिघडवणारी मीच होते आणि देवाचं नाव घेऊन टाकी जपणाऱ्याला नावं ठेवत होते, हे मला तेव्हा सुचलं नाही.

चौथ्या दिवशी साडेसहाला त्यानं शब्द पाळला. टँकर भरून काळपट तपकिरी गाळ दिला, आणि वर माझ्या हातावर पेढा ठेवला. आठपर्यंत तो गाळ आमच्या टाकीत पडला. मेलेलं बरंचसं पाणी आधी बाजूच्या रिकाम्या हौदात काढून घेतलं होतं. शेणकाला घातला, रात्री भिजवलेला गूळ घातला, थोडा युरिया घातला. किती घालायचा, कधी थांबायचं, हे चाचांना हातानं कळायचं. मला अंदाज येईना. दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. ज्या माणसाला माझ्यापायी घरी बसवलं, त्याला कोणत्या तोंडानं विचारायचं?

अकरापर्यंत ऑक्सिजनचा आकडा हळूहळू खाली यायला लागला. कुणीतरी जेवायला बसलं होतं. मला रडू आलं, पण पातळी बघून ते आवरलं. साठवणीची टाकी काठाला वीतभर शिल्लक.

बाराला मालकांचा फोन. “काय झालं?”

“सुरुवात झालीय. पण अजून दोन दिवस तरी जातील.”

“तेवढा वेळ नाही. संध्याकाळी वॉल उघडा.”

“मग रंगखातं बंद ठेवा.”

“दिवाळीच्या तोंडावर? वेड लागलंय का?”

आमचं बोलणं वाढत गेलं. ते म्हणाले की ते स्वतः येऊन उघडतील. मी फोन ठेवला, पाना घेतला, वॉलवरचं लोखंडी चाक सोडवलं आणि स्कूटीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. ते आले, त्यांनी बिनचाकाचा वॉल पाहिला, मला बरंच काही बोलले. नोकरी आजपासून गेली असं दोनदा म्हणाले. मी जागची हलले नाही. बराच वेळ ते टाकीकडं बघत उभे राहिले, आणि मग सुपरवायझरला बोलावून रंगखातं बंद करायला सांगितलं. “परवा सकाळपर्यंत,” ते माझ्याकडं न बघता म्हणाले. “पुढं मी ऐकणार नाही.”

त्या क्षणी मी स्वतःवर खूप खूश झाले. चार दिवसांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. आता विहिरीचंही बघून टाकू, अशा ताठ्यात नमुन्याच्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि तीनच्या सुमाराला वस्तीवर गेले.

पहिल्याच घराच्या ओसरीवर एक अक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या. मला बघून म्हणाल्या, “कारखान्यातल्या न्हवं तुमी? या की, बसा.” मी बसायच्या आत त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

मी तांब्या हातात घेतला. थंडगार होता. तोंडापर्यंत नेला आणि थांबले. काय मिसळलंय त्यात हे वस्तीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. प्यावं, तर माझी हिंमत होत नव्हती. खाली ठेवावा, तर का ठेवला ते सांगावं लागणार होतं. जे पाणी मी पिऊ शकत नव्हते, ते ही बाई चार दिवस प्यायली असेल, तिची पोरंबाळं प्यायली असतील. वासासाठी मी नकळत नाक पुढं केलं, आणि अक्कांनी ते पाहिलं.

“प्या,” त्या म्हणाल्या. “हिरीचं न्हाय त्ये. वरच्या गावातनं डोक्यावरनं आणलंय. दसऱ्यापास्नं हिरीत कुणी घागर बुडवली न्हाय.”

मी तांब्या तसाच धरून बसले. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमच्या चाचांनी. दसऱ्यादिशी सांजच्याला सोनं द्यायला आलतं. आपट्याची पानं हातावर ठेवली आणि म्हणालं, अक्का, माझ्या हातनं मोठी चूक झालीया. दोन-चार दिस हिरीचं पाणी तोंडात घालू नगासा, म्हसरास्नीबी दावू नगासा. घरोघर फिरलं. आमचं कारभारी तर अंगावर गेलं त्यांच्या. आदल्या दिशी पाण्याला दवाखान्यागत वास येत हुता, नातीनं सगळं ओकून टाकलं हुतं, मग राग येणार की. पर त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं सगळं.”

“नात कशी आहे?”

“बरी हाय आता. साळंला गेलीया.”

दसऱ्याच्या संध्याकाळी. म्हणजे मी फोनवर सगळं ठणठणीत आहे असं सांगितल्यावर. वॉल बंद करू नका असं मी म्हणाले, म्हणून त्यांनी तो केला नाही. ड्युटी संपवून आपट्याची पानं घेतली आणि इथं आले. मी मात्र पुढचे दोन दिवस टेस्टच्या नावाखाली इकडं फिरकलेही नव्हते.

“अक्का, चूक त्यांची नव्हती,” मी म्हणाले. “फिनेल मी ओतायला लावलं. ते तर त्या वेळी कामावरही नव्हते.”

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. माझ्याकडं बघितलं, फार रागानंही नाही. “आणि तुमी आज येताय व्हय?”

“आज.”

“त्यांचा काल-आज पत्ता न्हाय. कुठं हायत?”

“त्यांना घरी बसवलंय. मालकांना वाटलं की त्यांनीच केलं.”

“आणि तुमी मालकास्नी सांगितलं न्हाय.”

मी नाही म्हणाले. ओसरीवर कुठं बघावं ते मला कळेना. अक्का उठल्या, सूप बाजूला सारलं.

“पाणी प्या आधी. लांबनं आणलेलं हाय, टाकायचं न्हाय.” मी प्यायले. मी तांब्या खाली ठेवेपर्यंत त्या उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडं यायला तुमास्नी चार दिस लागलं. मालकास्नी सांगायला किती लागणार हायत?”

ओसरीवर फोनला रेंज नव्हती. मी अंगणात गेले, पार गोठ्यापर्यंत गेले तेव्हा फोन लागला. मालकांनी उचलला आणि त्यांनी काही बोलायच्या आत मी म्हणाले, “फिनेल चाचांनी टाकलं नाही. मी ओतायला लावलं होतं.”  अक्का ओसरीवरून बघत होत्या. मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले.